मागचं उजवं चाक

गेल्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी मंदाताई काकड यांनी नाशकातल्या पेठ रोडवरच्या आपल्या दुकानात प्रतीक भोर याच्या लाल, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची चारही चाकं उतरवली, गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उभी केली आणि शटर ओढून कुलूप लावलं. त्या दिवशी संध्याकाळी प्रतीकचं लग्न होतं. नवरदेवाची मिरवणूक त्याच गाडीतून निघायची होती.

दुपारी फुटपाथवर जे बोललं गेलं ते मी जिन्यात उभा राहून ऐकलं. मी दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो आणि एका दैनिकात काम करत होतो. त्याआधीच्या वर्षांत काय घडलं ते मंदाताई, त्यांच्याकडे काम करणारे रफिकभाई आणि सातपूरचा एक लेथवाला यांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं. तिघांच्या सांगण्यात फरक आढळला नाही.

मंदाताई ठेंगण्या होत्या. साडीवर पुरुषाचा निळा शर्ट घालत, त्याच्या खिशात हवा मोजायचं मीटर आणि चष्मा. माहेर मखमलाबादचं, शेवंती आणि झेंडू लावणारं. लग्नाआधी त्या पहाटे पंचवटीच्या फुलबाजारात बसत. तिथून दोन गोष्टी दुकानात आल्या. आवाज, जो रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर सहज पोचायचा, आणि भाव एकदाच सांगण्याची सवय. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की त्या पाना पुसायला घेत आणि तो पाना फार वेळ पुसत.

दुकानात बाहेरून आणलेली शोभेची चाकं गाडीला बसवून मिळत. लोक त्यांना मॅगव्हील म्हणतात. स्पोर्ट्स कारवाले त्यांच्याकडे येत, कारण अशा गाडीला चाक निवडणं नाजूक काम असतं. गाडी जमिनीलगत, चाकावरच्या कमानीत जागा थोडी, ब्रेक मोठे. रुंद चाक घेतलं तर टायर वळणावर कमानीला घासतो. चाक हबवर, म्हणजे ज्यावर ते आवळतात त्या गाडीच्या चकतीवर, किती आत किंवा बाहेर बसतं, त्या मापाला ऑफसेट म्हणतात. ते चुकलं तर चाक एक तर आतल्या भागांना लागतं किंवा बाहेर येऊन बेअरिंग खातं. हे चाक विकत घेताना दिसत नाही. त्या म्हणत, "डोळ्याला नका विचारू. डोळा लबाड. गाडीला विचारा."

गाडीला विचारण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी टायर न चढवता नुसतं चाक हबवर लावत आणि ब्रेकचा कॅलिपर आणि चाकाच्या काड्या यांच्या मधून एक लग्नपत्रिका सरकवत. जुन्या पत्रिकांचा एक गठ्ठा त्यासाठीच ठेवलेला असे. जाड, घडीची, सोनेरी छपाईची पत्रिका त्यांना पसंत होती. पत्रिका चाकाबरोबर पूर्ण फेरा न अडकता फिरली पाहिजे. मग टायर चढवून कमानीच्या आतून खडूची पूड फासायच्या, गाडीत वजनदार माणसं बसवायच्या, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवायला लावायच्या आणि गाडी पुढच्या गतिरोधकावरून फिरवून आणायच्या. पूड जिथे पुसली गेली तिथे टायर लागतो.

कॉलेज रोडचा एक तरुण त्याच्या बुटक्या गाडीसाठी फार रुंद चाकं घेऊन आला होता. मंदाताईंनी त्याला वजनदार माणूस आणायला सांगितलं. तो सासूबाईंना घेऊन आला. त्या मोठ्या कष्टानं सीटवर बसल्या, गाडी फिरून आली, आणि मागच्या दोन्ही कमानींतली पूड साफ पुसलेली निघाली. तरुण म्हणाला, सासूबाई काही रोज बसणार नाहीत, चालून जाईल.

मंदाताईंनी जॅक लावला आणि चाकं उतरवायला सुरुवात केली. "चालून जाईल? मग चालतच जा घरी. गाडी राहू द्या."

सासूबाई हसल्या. मंदाताई हसल्या नाहीत. 'चालून जाईल' हे शब्द त्यांच्या दुकानात बंद होते. नवीन माणसाला रफिकभाई आधीच बाजूला घेऊन सांगत.

दुसरी रीत मी इतर कुठल्याही दुकानात पाहिलेली नाही. बोल्ट आवळून झाले की ज्यानं आवळले त्यानं गिऱ्हाइकासमोर उभं राहून कुठलं चाक आणि स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचं. "पुढचं डावं. मी बसवलं. रफिक शेख." टपरीवरची माणसं सुरुवातीला नक्कल करत. चहाचा ग्लास ठेवतानाही म्हणत, "मधला कटिंग. मी ठेवला." मंदाताई स्वतः बसवत तेव्हा नुसतं "मंदा" म्हणत. आडनावही नाही. चार चाकांची चार नावं ऐकल्याशिवाय गाडी खाली उतरत नसे.

या रीतीचं कारण पेठच्या रस्त्यावर घडलं होतं.

हे दुकान आधी दोन भागीदारांचं होतं. सतीश भोर गल्ल्यावर बसत, गिऱ्हाइकांशी बोलत. मंदाताईंचे पती अशोक चाकं बसवत. पेठ रोडवर सगळ्यांना ही वाटणी माहीत होती. एकदा गंगापूर रोडच्या एका तरुण व्यावसायिकानं स्पोर्ट्स कारसाठी बाहेरून चाकं मागवली. चाकाच्या मध्यभागी बोल्टांची पाच भोकं असतात. त्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास गाडीच्या हबशी जुळावा लागतो. या गाडीचा हब एकशे बारा मिलिमीटरचा होता. चाकं एकशे चौदा पूर्णांक तीनची होती. डोळ्याला हा फरक दिसत नाही. जोर लावला तर बोल्ट शिरतातही, पण तिरके बसतात, आणि पळत्या गाडीत ढिले होत जातात. अशोक यांनी मोजून चाकं परत पाठवायला सांगितलं आणि दुसऱ्या एका कामासाठी ते सातपूरला लेथवर गेले. रफिकभाई ईदसाठी मालेगावला होते. गिऱ्हाइकाला पाहुण्यांना गाडी दाखवायची घाई होती. सतीश यांनी स्वतः पाना घेतला आणि चाकं बसवून दिली.

दोन दिवसांनी कोटंबीच्या घाटात त्या गाडीचं मागचं उजवं चाक निघालं. गाडी कठड्यावर आदळली. गाडी चालवणाऱ्या त्या तरुणाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सतीश यांनी पोलिसांना सांगितलं की बसवण्याचं काम अशोकचं. ते रोजच्यासाठी खरं होतं, म्हणून कोणाला शंका आली नाही. नको म्हटलेली चाकं आपणच घाईनं बसवून घेतली हे गिऱ्हाइकाला कबूल करायचं नव्हतं, तेही बोललं नाही. अशोक यांना अटक झाली. वर्तमानपत्रांनी 'फिटरच्या हलगर्जीपणामुळे' असं छापलं. ते जामिनावर सुटले, पण दुकानात गाडी येईना. सतीश भागीदारी मोडून शहरातल्याच द्वारका चौकात नव्या जागेत गेले. खटला लांबत गेला. सातपूरचा लेथवाला साक्ष द्यायला तयार होता, अशोक त्या दुपारभर आपल्याकडे होते हे सांगायला. त्याची पाळी येण्याआधी अशोक हृदयविकारानं गेले. आरोपी मयत म्हणून खटला बंद झाला.

मी तिथे राहायला गेल्यावर मंदाताईंनी मला पहिल्यांदा विचारलं ते हे. "तुम्ही पेपरवाले ना? मग सांगा, फिटर म्हणजे कोण? ज्याचं काम असतं तो, का ज्यानं केलं तो?"

मी म्हणालो, ज्यानं केलं तो.

"मग पेपरात चुकीचं आलं." थोड्या वेळानं त्यांनी जोडलं, "कोर्टानं त्यांना निर्दोष नाय म्हटलं. मयत म्हटलं. मेल्यानं माणूस सुटतो, नाव नाय सुटत."

पतीचं नाव त्या घेत नसत. जुन्या वळणाच्या बायका घेत नाहीत म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. ते तसं नव्हतं हे रफिकभाईंनी सांगितलं. खटला बंद झाल्याच्या दिवशी कोर्टाच्या आवारात त्या म्हणाल्या होत्या की हे नाव साफ होईपर्यंत माझ्या तोंडातून निघणार नाही, आणि साफ तोच करील ज्यानं घाण केलं. बँकेत बाईनं खातेदाराचं पूर्ण नाव विचारलं तर त्या आधारकार्ड पुढे सरकवत.

चाकं बसवण्याचं काम त्या नंतर शिकल्या. रफिकभाईंनी शिकवलं. त्या म्हणत की पोट भरायला शेवंती पुरली असती.

सतीश यांच्या द्वारकेच्या दुकानातून बिघडलेली गाडी आली की मंदाताई ती आत घेत नसत. फुटपाथवरच जॅक लावत. झिजलेले, वाकलेले बोल्ट काढून स्टीलच्या ताटात मांडत आणि ताट रस्त्याकडे तोंड करून स्टुलावर ठेवत. येणारे-जाणारे विचारत, हे काय. त्या सांगत, "द्वारकेचा प्रसाद." ही गोष्ट सतीश यांच्या कानावर जात होती. त्यांनी एकदा माणूस पाठवून निरोप दिला की वहिनींनी आता सोडून द्यावं, माणूस गेला तो गेला. मंदाताईंनी त्या माणसाला चहा पाजला. त्याच्या मोटारसायकलची हवा तपासून दिली आणि सांगितलं की भाऊजींना म्हणावं, मी काही धरलेलं नाही, त्यांनीच धरलंय, एक वाक्य आहे, येऊन सोडून जा.

मग सतीश आजारी पडले. छातीत कळ येऊन त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. बातमी पेठ रोडवर आली त्या दिवशी मंदाताई दुकान रफिकभाईंवर सोपवून गोदाघाटावर गेल्या आणि त्यांनी सतीश बरे व्हावेत म्हणून नवस केला. टपरीवर चर्चा झाली की बाईचं मन मोठं, अखेर माफ केलं. मीही त्यांना तसं विचारलं.

त्या टायरची हवा मोजत होत्या. मीटरवरून नजर न काढता म्हणाल्या, "तो मेला तर त्यालाही मयत लिहितील. मग मी कोणाच्या तोंडातून ऐकू? मला तो जिवंत पाहिजे. चांगला धडधाकट, आवाज शाबूत असलेला."

सतीश बरे झाले. मंदाताईंनी नवस फेडला, पेढे वाटले. एक पुडा द्वारकेला पाठवला.

प्रतीक हा सतीश यांचा मुलगा. अपघात झाला तेव्हा तो लहान होता आणि त्याला त्यातलं काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं लग्नासाठी लाल स्पोर्ट्स कार घेतली, वापरलेली. सतीश यांनी तिची मूळ चाकं विकून चकचकीत काळी चाकं बसवली. गाडी वेग घेतला की थरथरू लागली. द्वारकेच्या दुकानात पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग झालं, थरथर गेली नाही. लग्नाच्या सकाळी एका मित्रानं प्रतीकला सांगितलं की अशा गाडीचं काम पेठ रोडच्या बाईंकडे ने. हळदीचे हात घेऊन तो आला.

मंदाताईंचा गुरुवारचा उपास होता. त्यांनी मुलाला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मागचं उजवं चाक आधी काढलं. बोल्ट हातात घेऊन पाहिला, रफिकभाईंना दिला. मग चाक पालथं करून मोजलं आणि हब मोजला. रफिकभाई सांगतात की त्यांनी दोनदा मोजलं, त्यांची तशी सवय नव्हती. मग उरलेली तीन चाकं काढली.

"कोणी बसवली बाळा?" त्यांनी विचारलं.

प्रतीकनं सांगितलं की पप्पांनी स्वतः.

"मग पप्पांना घेऊन ये. बसवणाऱ्याशी बोलायचंय."

तो गेल्यावर त्यांनी शटर ओढलं.

सतीश आले तेव्हा अंगावर लग्नाचा जोधपुरी होता. मुलगा मागे उभा. मंदाताई शटरसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या, स्टीलचं ताट मांडीवर, त्यात बोल्ट. टपरीवरची माणसं रस्ता ओलांडून आली. भाजीवाल्या टोपल्या सोडून आल्या.

"वहिनी, शटर उघडा. पोराचं लग्न आहे आज."

"उघडते. आधी नाव सांगा."

"कसलं नाव?"

"मागचं उजवं. कोणी बसवलं?"

सतीश म्हणाले की त्यांनीच बसवलं, त्यात लपवायचं काय, दुकान त्यांचं आहे.

"हिचं नाय विचारत. तिचं."

सतीश यांनी आजूबाजूला पाहिलं. ते म्हणाले की ही अडवणूक आहे आणि ते पोलिसांना बोलावतील. मंदाताई म्हणाल्या, बोलवा, त्यांनाही ऐकू दे. सतीश यांनी फोन काढला. लावला नाही. मग आवाज उतरवून समजावू लागले. नवरी मुलगी साखरपुड्यापासून या गाडीचे फोटो पाठवते आहे, व्याही मोठा माणूस आहे, आजचा दिवस जाऊ द्या, उद्या हवं ते बोलू.

"माझ्या दाराशी पोलीस आले तेव्हा मी पण म्हटलं होतं, आजचा दिवस जाऊ द्या. घरात पाहुणे होते."

मग प्रतीकनं विचारलं, "पप्पा, कोणती गाडी?"

सतीश यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते पुटपुटले. मंदाताईंनी मान हलवली.

"टपरीपर्यंत जात नाय. तुमचा आवाज चांगलाय भाऊजी. मी नवस बोलून ठेवलाय त्याला."

सतीश यांनी घसा साफ केला. "मागचं उजवं. मी बसवलं."

"नाव."

"सतीश भोर."

"आणि ते कुठं होते?"

"अशोक सातपूरला होता. त्यानं नको म्हटलं होतं. त्याला माहीत नव्हतं."

"बसवताना काय म्हणाला होतात गिऱ्हाइकाला?"

सतीश यांनी आता एकदा मुलाकडे पाहिलं.

"चालून जाईल म्हणालो."

मंदाताई उठल्या. ताट स्टुलावर ठेवलं, कुलूप काढलं, शटर वर केलं. लाल गाडी घोड्यांवर होती, काळी चाकं भिंतीला टेकून. सतीश यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि रफिकभाईंना चाकं चढवायला सांगितलं.

"ती बसत नाहीत," मंदाताई म्हणाल्या. "हब एकशे बाराचा. चाकं एकशे चौदाची. तीच चूक." सतीश काही म्हणणार होते. त्यांनी बोलू दिलं नाही. "मी शटर उघडते म्हटलं होतं, चाकं बसवते नाय म्हटलं. पाय गेला तो कोणाचा तरी पोरगा होता भाऊजी. हा तुमचा आहे. याच्यासाठी तरी मोजायचं."

मापाची चाकं नाशकात एका दिवसात मिळण्यासारखी नव्हती. मूळ चाकं विकलेली होती. प्रतीकनं एक बोल्ट ताटातून उचलला, पाहिला, परत ठेवला. तो वडिलांच्या गाडीत बसला नाही. रिक्षा थांबवून गेला.

मिरवणूक नवरदेवाच्या मामाच्या जीपमधून निघाली. लग्न वेळेवर लागलं. लाल गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकवर चढवून द्वारकेला नेण्यात आली. काळी चाकं मागच्या डिकीत मावली नाहीत, ती दोरीनं टपावर बांधली होती. ट्रक टपरीवरून गेला तेव्हा लोक उभे राहून पाहत होते. पोलिसांत कोणीही तक्रार केलेली नाही.

त्या बोलण्याची बातमी छापून आली नाही. आमच्या संपादकांचं म्हणणं पडलं की बंद खटल्यावर फुटपाथवरचं बोलणं पुरावा होत नाही. त्याच संध्याकाळी मंदाताईंना मी हे सांगायला गेलो. त्या म्हणाल्या की पेपर रद्दीत जातो, पेठ रोड इथेच राहतो.

तोवर दिवे लागले होते. त्यांनी उपास सोडला नव्हता. सायखेड्याच्या एका शेतकऱ्याची पिकअप पंक्चर काढायला आली होती. तो माल उतरवून परत निघालेला होता आणि दुपारचं त्याला काही ठाऊक नव्हतं. रफिकभाई पाना घेऊन पुढे झाले. मंदाताईंनी तो त्यांच्याकडून घेतला. चाक मागचं उजवं होतं. त्यांनी ते चढवलं, बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं आवळले, पाना खाली ठेवला आणि शेतकऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मागचं उजवं," त्या म्हणाल्या. "मी बसवलं. मंदा अशोक काकड."

शेतकऱ्यानं मान डोलावली आणि गाडी सुरू केली.